सतार कुठेय?

रविवार, रात्री पावणेबारा

दुपारी कपाट आवरताना बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडचं 'एट माइल्स हाय' लावलं होतं. आधी बेस घुमतो, मग रॉजर मॅग्विनची बारा तारांची गिटार पिसाटल्यासारखी सुटते. हिने हातातली साडीची घडी तशीच धरून विचारलं, "हेच ना तुझं रागा रॉक, आपल्या रागदारीच्या वळणाचं? मग सतार कुठेय?"

सतार नाहीच. मार्च १९६६ मध्ये गाणं आलं तेव्हा बँडने पत्रकारांसमोर सतार मिरवली आणि ते लेबल चिकटलं ते चिकटलंच. प्रत्यक्षात या गाण्यात जे काही आपलं आहे, ते सॅक्सोफोनमधून फिरून आलंय. १९६५ च्या नोव्हेंबरात दौऱ्यावर त्यांच्या गाडीत जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर यांचं संगीत भरलेली टेप होती. तीच परत परत वाजायची. मॅग्विनचा सोलो सुरूच होतो तो कोल्ट्रेनच्या 'इंडिया'मधल्या चार सुरांनी. आता गिटारचा सूर छेडला की विरायला लागतो, फुंकेसारखा टिकत नाही. म्हणून त्याने कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सपाट करणारं यंत्र) लावून तो लांबवला. (गाण्याचे शब्द मला बेतासबातच वाटतात, पण ते असो.)

जेवणानंतर हेडफोन लावून 'इंडिया' काढलं. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातलं, नोव्हेंबर १९६१ चं ध्वनिमुद्रण. कोल्ट्रेनचा सोप्रानो सॅक्सोफोन, एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, खाली एल्विन जोन्सचे ड्रम्स. आणि बेस एक नव्हे, दोन! इतकी वर्षं ऐकतोय, पण दोन कशाला हे आज कळलं. दोघं मिळून षड्ज धरून बसलेत. तंबोऱ्यांची जोडीच ती! लहानपणी क्लासला आमच्या बाई अर्धा तास तंबोरे जुळवत बसायच्या आणि आम्ही कंटाळून सतरंजीचे धागे उपसायचो, ते आठवलं.

रॉकवाल्यांनी जॅझकडून अवघड कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ) उचलल्या, असं मी आजवर ऐटीत सांगत आलो. इथे उलटंच दिसतंय. कॉर्ड्स बदलायच्या थांबवल्या आणि एका जागी बसून बढत करायला हे लोक शिकले. कोल्ट्रेन १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमवर वाजवत होता तेव्हापासूनच ही वाट धरलेली. डोअर्स या रॉक बँडचं 'लाइट माय फायर' घ्या. मधले ऑर्गन आणि गिटारचे लांबलचक सोलो ए मायनर आणि बी मायनर या दोनच कॉर्ड्सवर झुलतात, कोल्ट्रेनच्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'च्या धर्तीवर. अल्बममधलं गाणं सात मिनिटांचं, आणि रेडिओसाठी नेमका हाच भाग कापून ते तीन मिनिटांच्या आत बसवलं. बंदिश ठेवली, गाणं फेकून दिलं! ते कापलेलं गाणं जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच महिन्यात कोल्ट्रेन गेला, जेमतेम चाळिशीत. एका मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं. तोही पुढे सॅक्सोफोनच वाजवू लागला.

ही झोपलीय. उद्या हिला 'इंडिया' ऐकवायचंय. सुमारे चौदा मिनिटांचं आहे, मेथी निवडून होईपर्यंत संपेल.