एका सोलोचे नऊ आठवडे

ई मायनर, १५२ बीपीएम (मिनिटाला १५२ बीट), आठ बार (प्रत्येकात चार बीट). सेकंदात मोजलं तर साडेबारापेक्षा थोडं जास्त. गेले नऊ आठवडे माझा सगळा रियाज एवढ्याच जागेत चाललाय, आणि वेग की सुरेलपणा या आपल्या मेटल गिटारवाल्यांच्या कायमच्या वादाबद्दलचं माझं मत त्यात बरंच बदललं. म्हणून ही नोंद.

आधी मांडणी सांगते. बँडच्या नव्या गाण्यात सोलोखाली चार कॉर्ड आहेत, प्रत्येक दोन बार: ई मायनर, सी, ए मायनर, बी. बी संपला की पुन्हा ई मायनरवर रिफ (गाण्याची मुख्य गिटारची ओळ) आदळतो. खाली डबल बेस ड्रम सोळांशात (बीटला चार ठोके) सुरू, म्हणजे जमीन सतत हलतेय.

पहिला आठवडा

पहिल्या रूपात मी १०४ सूर बसवले होते. दीड वर्ष घासून आल्टरनेट पिकिंग (पिकचा एक फटका खाली, एक वर) १६० पर्यंत आणलं होतं, ते कुठेतरी वापरायचंच होतं. १५२ ला सोळांश म्हणजे सेकंदाला दहा सूर. टेक स्वच्छ आला, एकही सूर गिळला गेला नाही, कुठे तारेचा खरखराट नाही. मी खूश होते.

आमच्या रिदम गिटारवाल्याला ऐकवला. तो दोनदा ऐकून म्हणाला, "सगळं झालं गं, पण सम कुठंय?"

मी पुन्हा लावला. त्याचं बरोबर होतं. आठही बारमध्ये एकही जागा अशी नव्हती की जिथे येऊन सूर टेकला. कॉर्ड बदलत होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून जात होते.

दुसरा आणि तिसरा

वेग पूर्ण बाजूला ठेवला. प्रत्येक कॉर्डसाठी एकच मुक्कामाचा सूर निवडला: ई मायनरवर बी, सीवर जी, ए मायनरवर ए, आणि बीवर डी शार्प. दोन आठवडे चार सूर, बाकी शांतता.

यातला डी शार्प सगळ्यात महत्त्वाचा. तो बी कॉर्डचा तिसरा सूर, आणि साध्या ई मायनरमध्ये तो नसतो. तो आला की हार्मोनिक मायनर सुरू होतं. खालच्या सी वरून त्यावर जाताना मध्ये दीड स्वराची उडी पडते, आणि तीच या स्केलची सगळी धार. कीरवाणी राग ऐकलेल्या कानाला ती लगेच ओळखू येईल. स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनच्या १९८४ च्या पहिल्या एकल अल्बममध्ये हा रंग भरभरून आहे. त्याच्याबद्दल बोलताना सगळे नुसता वेग काढतात, पण त्याचा एक लांब धरलेला सूर ऐका. व्हायब्रेटो (सुराचा हेलकावा) रुंद, सावकाश आणि नेमका सुरात. तो हात नुसत्या मेट्रोनोमने तयार होत नाही.

एडी व्हॅन हेलनच्या १९७८ च्या 'इरप्शन'चंही तसंच झालंय. पावणेदोन मिनिटांच्या आतला तुकडा, आणि लोकांच्या लक्षात टॅपिंग (पिकच्या हाताच्या बोटाने तारेवर ठोकून वाजवणं) राहतं. टॅपिंग येतं शेवटच्या भागात. त्याआधी बेंड (तार ताणून सूर चढवणं) आहेत, थांबे आहेत, ब्लूजची बोली आहे. ते नसतं तर टॅपिंगने एवढं दचकवलं असतं का? मला नाही वाटत.

चौथा, पाचवा

हे दोन आठवडे एका बेंडवर गेले, आणि मला ते मुळीच वाया गेलेले वाटत नाहीत.

बी तारेवर सोळावा फ्रेट (पडदा) म्हणजे डी शार्प. तो जवळजवळ दोन बार धरायचा आणि शेवटच्या बीटला अर्धा स्वर ताणून ई वर न्यायचा, म्हणजे रिफ पडतो त्याच क्षणी मी घरी पोचते. कागदावर फारच सोपं. ट्यूनर लावल्यावर कळलं की मी दर वेळी १५ ते २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर जातेय. पूर्ण स्वराच्या बेंडला हात सरावलेला, त्यामुळे अर्ध्यावर थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यात माझ्या तारा ९ च्या, म्हणजे पातळ, जरा ढकललं की सूर पळतो.

भरपूर गेनमध्ये, म्हणजे आवाज चांगला फाडल्यावर, एवढीशी चूक झाकली जाईल असं वाटतं. होतं उलटंच. डिस्टॉर्शनमुळे सूर दाबला जाऊन लांब टिकतो, म्हणजे बेसूरपणाही तेवढाच लांब टिकतो. खाली ई चा पॉवर कॉर्ड वाजत असताना वरचा ई थोडा जरी चढा लागला, तरी दोघांच्या घासण्याने एक लाट उठते आणि ती सरळ कानात टोचते.

उपाय असा सापडला. गेन शून्यावर. आधी सतरावा फ्रेट दाबून खरा ई ऐकायचा, तो मनात धरायचा, मग सोळाव्यावरून ताणून तिथे जायचं. तिसरं बोट तारेवर, मागे पहिली दोन आधाराला, आणि जोर बोटांचा नाही, मनगट फिरवायचं, दाराची मूठ फिरवतो तसं. रोज पन्नास वेळा. आठव्या दिवशी ट्यूनर न बघता जमायला लागलं.

ताणलेल्या सुरावरचा व्हायब्रेटो हे आणखी एक प्रकरण. ताणलेली तार थोडी सोडायची आणि पुन्हा त्याच उंचीवर आणायची, वर कधीच जायचं नाही. माझा व्हायब्रेटो घाईचा होता, थंडीत हात थरथरावा तसा. मग तोही लयीत बांधला: दर बीटला दोन हेलकावे, म्हणजे सेकंदाला साधारण पाच. तेव्हापासून तो सूर ड्रमच्या आत बसतो.

सहावा

आता वेगाची जागा. ए मायनरच्या दोन बारांत आधी ३२ सूर होते, एका तारेवर तीन-तीन असे चढत-उतरत. ते सपाट का वाटतात हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. हात नकळत प्रत्येक तारेच्या पहिल्या सुरावर जोर देतो, म्हणजे दर तिसऱ्यावर. बीट मात्र दर चौथ्या सुराला पडतो. दोघांची गाठ बारा सुरांतून एकदाच. मधल्या काळात हात एक बोलतोय आणि ड्रम दुसरं, आणि ऐकणाऱ्याला त्यातला कुठलाच आघात पकडता येत नाही. काही जण हा तिरपेपणा मुद्दाम वापरतात आणि तो सुंदर लागतो. माझा मुद्दाम नव्हता.

म्हणून पहिला बार नुसता लांब ए ठेवला आणि दुसऱ्यात बारा सूर, ट्रिपलेटमध्ये (बीटला तीन सूर). ए तारेवर फ्रेट ९-१०-१२, डी वर ९-१०-१२, जी वर ९-११-१२, बी वर १०-१२-१३. चार बीट, चार तारा. प्रत्येक बीटला नवी तार. शेवटचा तेराव्या फ्रेटवरचा सी, तिथून त्याच तारेवर घसरत सोळाव्यावर डी शार्प, आणि बरोबर तिथेच कॉर्ड बदलतो. ती दीड स्वराची उडी आता बोटाखालून ऐकू येते.

पिकिंगही बदललं. आल्टरनेटमध्ये दर दुसरी तार वरच्या फटक्याने सुरू व्हायची आणि तिचा आघात कमजोर पडायचा. आता खाली-वर-खाली आणि त्याच ओघात पुढच्या तारेवर पुन्हा खाली. माल्मस्टीन चढताना हेच करतो. दर बीट खालच्या फटक्याने ठामपणे पडतो.

सेकंदाला दहावरून साडेसात सुरांवर आले. रिदमवाल्याने ऐकून विचारलं, "टेम्पो वाढवलास का?" वेग कानाला आघातांवरून कळतो, सुरांच्या संख्येवरून नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

सातवा

इथे दुसऱ्या बाजूबद्दल बोलायला हवं, कारण 'फील हवं, वेग नको' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. प्रयोग म्हणून मी ते बारा सूरही काढले आणि पूर्ण सोलो लांब सुरांत वाजवला. पहिले चार बार फार छान. खाली डबल बेस धावतोय आणि वर एकच सूर तरंगतोय, तो विरोध अंगावर येतो. पाचव्या बारपासून मात्र सोलो विझला. एवढा ताण साठवला आणि तो मोकळाच केला नाही. तिथे धावणं ही गाण्याची मागणी आहे.

ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीचं उदाहरण या वादात नेहमी येतं. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. टोप्या बसवून, हलक्या तारा लावून तो वाजवत राहिला, आणि १९७१ पर्यंत गिटार सी शार्पपर्यंत उतरवली. यातून 'बघा, वेगाची गरज नाही' असा निष्कर्ष काढला जातो. मी वेगळा काढते: त्याने आपल्या गाण्याला काय हवंय ते ओळखलं. स्लेअरच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड'मध्ये सोलो म्हणजे किंचाळ्या आहेत, चाल अशी नाहीच. अर्ध्या तासाच्या आत संपणाऱ्या त्या अल्बममध्ये गोड बेंड घातले असते तर सगळं बिघडलं असतं.

आणि ऑझी ऑस्बॉर्नचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स. त्याने स्टुडिओत कितीतरी सोलो एकावर एक तसेच्या तसे पुन्हा वाजवून जाड केले. वेगवान तानही सूर न् सूर पाठ असल्याशिवाय हे होत नाही. हात नेईल तिकडे जाणाऱ्याला ते जमणारच नाही.

आठवा आठवडा थोडक्यात: रोज वीस मिनिटं तुकड्यांचा सराव. एक बीट पूर्ण वेगात, मग चार बीट विश्रांती, मग दोन बीट. पिकचं टोक तारेत कमी बुडवलं. खांदा वर चढला की थांबायचं. बास.

नववा

आज सोलोत ६१ सूर आहेत. काल दहा टेक घेतले, सातांत शेवटचा ई नेमका लागला. चुकलेल्या तिन्हींत चूक एकच: बारा सुरांच्या धावेत डावा हात आखडतो आणि तोच ताण पुढे बेंडमध्ये उतरून सूर चढा जातो. म्हणून बी तारेवरचे शेवटचे तीन सूर एका पिकमध्ये, हॅमर-ऑनने (पुढचे सूर पिकशिवाय, बोट तारेवर ठोकून) घेऊन पाहिले. हात लगेच मोकळा झाला, ई बसला. पण चौथ्या बीटचा घाव जरा बोथट होतो, आणि रिदमवाल्याला तोच घाव हवाय. मला ओघळत जाणारा सी जास्त आवडतोय. दोन्ही टेक ठेवलेत. रविवारी ड्रमसोबत एकदा असं, एकदा तसं वाजवून बघणार आहे.