तुम्ही विचारलेत म्हणून: आरपीजी जुने चांगले की नवे?

जुने कॉम्प्युटर आरपीजी (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) खरोखरच चांगले होते, की तुम्हाला नुसती त्या दिवसांची ओढ आहे, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. विचारणारे बहुधा २०१५ च्या 'द विचर ३'पासून किंवा २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'पासून या खेळांकडे वळलेले असतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी १९९७ चा 'फॉलआउट' लावून पाहिलेला असतो आणि त्यातली बारीक अक्षरे व मातकट रंग पाहून तासाभरात बंदही केलेला असतो. माझ्या मते गेम कोणत्या साली आला याला फारसे महत्त्व नाही. आपण जसे पात्र घडवले, त्याची दखल त्या जगाने घेतली पाहिजे, आणि त्यापायी काही वाटा आपल्याला बंद करण्याची तयारीही दाखवली पाहिजे. हे ज्याला जमले तो चांगला आरपीजी.

'फॉलआउट'मध्ये सुरुवातीला सात गुणांना एक ते दहापर्यंत अंक द्यायचे असतात. त्यातल्या बुद्धीला चारपेक्षा कमी अंक दिले, तर आपल्या पात्राला धड वाक्यही बोलता येत नाही; समोरची माणसे कीव करतात, वैतागतात आणि कित्येक कामे आपल्यावर सोपवतच नाहीत. पुढच्याच वर्षी आलेल्या 'फॉलआउट २'मध्ये क्लॅमथ गावात दोन तोंडांची गुरे राखणारा टॉर नावाचा एक माणूस आहे. बाकीच्यांना त्याचे बोलणे तुटक आणि बाळबोध वाटते. पण आपले पात्रही मंदबुद्धी असेल, तर त्या दोघांचा संवाद अत्यंत सुसंस्कृत, अलंकारिक भाषेत रंगतो. बहुसंख्य खेळाडूंच्या दृष्टीस कधीच न पडणारा हा प्रसंग कोणीतरी बसून, मन लावून लिहिला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्याहून मोठे उदाहरण पहिल्या भागाच्या शेवटी येते. साऱ्या मानवजातीचे रूपांतर एका नव्या, बलदंड प्रजातीत करायला निघालेला 'मास्टर' आपल्यासमोर उभा असतो. त्याच्याशी लढता येते; पण त्या प्रजातीला संतती होऊच शकत नाही, याचा वैद्यकीय पुरावा वाटेत आपण मिळवलेला असेल, तर तो पुढे ठेवून त्याला त्याचे स्वप्न किती पोकळ आहे हे पटवूनही देता येते. ते पटल्यावर तो स्वतःच स्वतःचा शेवट करतो. मुख्य खलनायकाला एकही गोळी न झाडता हरवण्याची ही सोय चमत्कृती म्हणून ठेवलेली नाही. गेम ज्या नियमांवर सुरुवातीपासून चालत आला, त्याच नियमांचे ते शेवटचे टोक आहे.

मग नंतरच्या काळात हे कमी का झाले? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण आवाज हे आहे. छापील संवाद स्वस्त असतो: लेखकाला एक शाखा आणखी सुचली, तर त्याने ती लिहिली की काम झाले. तोच संवाद बोलून घ्यायचा म्हटला की कलाकार आला, स्टुडिओ आला, हावभाव आले, आणि पुढे मजकुरात एक वाक्य बदलायचे तर सगळे पुन्हा आले. २०१५ च्या 'फॉलआउट ४'मध्ये नायकालाही आवाज दिला गेला आणि संवादाच्या वेळी हाती उरले ते जेमतेम चार त्रोटक पर्याय. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये इतर सगळी पात्रे बोलतात, पण संवादाच्या वेळी आपले पात्र मूक राहते आणि आपण पूर्ण लिहिलेली वाक्ये निवडतो; हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. शिवाय मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजी मजकूर थांबून, शब्दकोश उघडून, पुन्हा वाचता येत असे, ही सोय लहान नव्हती.

वाट दाखवण्याच्या पद्धतीबद्दलही माझे ठाम मत आहे. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये कुठे जायचे ते दाखवणारा मार्कर नकाशावर नाही. बालमोरा शहरातून बाहेर पड, नदी ओलांड, किल्ल्यावरून पुढे जा, ड्वेमर या त्या जगातल्या लुप्त जमातीचा जुना पूल लागेल तो पार कर, आणि अवशेषांचे दार उघडण्याची कळ बाहेरच शोध, अशा धर्तीवर माणसे पत्ता सांगतात आणि तो आपल्या नोंदवहीत उतरतो. त्यामुळे आपण त्या प्रदेशाकडे डोळे उघडून पाहतो. त्याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'ने होकायंत्रावर खूण दिली आणि कित्येकांची नजर त्या खुणेवरच खिळली. 'मॉरोविंड'मध्ये कथेला आवश्यक असलेला माणूस आपण मारला, तर भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडा किंवा या अभागी जगात तसेच राहा, अशा अर्थाची सूचना येते आणि गेम पुढे चालू राहतो. 'ऑब्लिव्हियन'मधली तशी माणसे बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून उभी राहतात. तिथले शत्रूही आपल्या लेव्हलबरोबर, म्हणजे पात्राच्या अनुभवाने वाढणाऱ्या पातळीबरोबर, वाढत जातात, इतके की पुढे पुढे आडवाटेवरचा सामान्य लुटारूदेखील दुर्मीळ काचेचे चिलखत घालून येतो. आपण बलवान झालो, हे मग कळायचे कशावरून?

जुन्यांचे दोषही खरे आहेत. 'फॉलआउट'मधले साथीदार दारात अडून बसतात, आणि त्यांच्यातल्या ईयनच्या हाती मशीनगन दिली तर तो आपल्याच पाठीत गोळ्या घालतो. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पहिल्या लेव्हलचा जादूगार एखाद्या लांडग्याच्या एका चाव्याने मरतो आणि त्यातून खेळाडू काहीही शिकत नाही. याला मी काठिण्य म्हणत नाही.

आणि नव्यांतही अस्सल माल आहे. एस्टोनियातल्या लेखकांनी २०१९ मध्ये केलेल्या 'डिस्को एलिसियम'मध्ये स्वतंत्र लढाईची व्यवस्थाच नाही. आहेत ती २४ कौशल्ये, आणि ती आपल्याच डोक्यात बसून आपल्याशी हुज्जत घालतात. पहिल्याच खोलीत छताच्या पंख्याला लटकलेला टाय काढायला जावे आणि शरीराला कमी अंक दिलेले असतील, तर तेवढ्या धडपडीनेही हृदय बंद पडून खेळ तिथेच संपू शकतो. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये मृतांशी बोलण्याचा मंत्र आहे: प्रेत पाच प्रश्नांची उत्तरे देते. मात्र त्याला आपणच मारले असेल, तर ते आपल्याशी बोलायला नकार देते; वेश बदलून गेलो तरच बोलते. हा तपशील पाहिला तेव्हा टॉरच्या संवादाइतकाच आनंद मला झाला.

सुरुवात कोठून करावी, असेही पुष्कळ जण विचारतात. 'फॉलआउट'पासून करा, तो आजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो आणि फार लांबलचक नाही. आपल्या भूमिगत वस्तीचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधायला १५० दिवस दिलेले असतात, पण मुदतीला घाबरून घाई करू नका. पहिल्या खेपेला बुद्धी आणि वक्तृत्व भरपूर ठेवा, लोकांशी बोला, सगळे वाचा. दुसऱ्या खेपेला बुद्धी तीनवर आणा आणि त्याच गावांतून, त्याच माणसांसमोर पुन्हा जा.