स्ट्रॅटच्या जोडीला एसजी: दुसऱ्या गिटारची निवड

बरेच दिवस रेंगाळलेला विषय एकदाचा मार्गी लागला. माझ्या स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) जोडीला गिब्सनच्या एसजी-छापाची, दोन हंबकरवाली गिटार घरी आली. (हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप; पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारा चुंबकाचा भाग.) मंडळींपैकी बरेच जण याच गुंत्यात आहेत, म्हणून बाकीच्या का बाद झाल्या तेही लिहितो.

टेली (टेलीकास्टर) पहिल्या फेरीतच गेली. आवाज वेगळा, पण स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, स्ट्रॅटइतकीच २५.५ इंच. हाताला नवं काही मिळणार नसेल तर दुसरी गिटार घ्यायची कशाला?

पी-९० पिकअपवाली गिटार सोडताना मात्र जिवावर आलं. तो खरखरीत, थोडा घोगरा आवाज मला फार आवडतो. पण आमचं घर सदाशिव पेठेतलं, वायरिंग जुनं, त्यात पंख्याला डिमरवाला रेग्युलेटर. पी-९० झाला तरी शेवटी सिंगल कॉइलच, म्हणजे एकाच गुंडाळीचा. तारांची थरथर पकडतो तशी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतो, आणि ड्राइव्ह (आवाज फाडणारा परिणाम) वाढवला की तीच आधी ऐकू येते. स्ट्रॅटवर मी पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या पोझिशनवर निभावून नेतो; तिथे दोन पिकअप एकत्र चालतात आणि मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा आहे, त्यामुळे तिथे गुणगुण कटते. हंबकरमध्ये हीच युक्ती एका पिकअपच्या पोटात असते: दोन कॉइल शेजारीशेजारी, गुणगुणीची वजाबाकी, तारेच्या आवाजाची बेरीज. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. वरची धार थोडी जाते, हे खरं. पण ती धार हवी असेल तेव्हा स्ट्रॅट आहेच की.

लेस पॉल (गिब्सनचीच दुसरी गिटार) हातात घेतली आणि खाली ठेवली. चार किलोच्या आसपासचं धूड खांद्याला लावून उभं राहायचं माझं वय नाही.

आता हाताची गोष्ट. एसजीची स्केल २४.७५ इंच. पाऊण इंचाने काय फरक पडतो, असं दुकानातले काका म्हणाले. पडतो! तीच तार, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इथे जवळजवळ ६ टक्के कमी. कागदावर किरकोळ, बोटाला पहिल्याच बेंडला (तार बाजूला ढकलून सूर चढवताना) कळतं. मध्यमावरून पंचमावर मींड घेताना स्ट्रॅटच्या सवयीने तार ढकलली, तर सूर पंचम ओलांडून पुढे गेला. ताण कमी म्हणजे तेवढाच सूर चढवायला ढकलावंही कमी लागतं. सध्या रोज तानपुऱ्याच्या ॲपवर सा-प लावून फक्त मींड घोटतोय. वैतागवाणं काम आहे, पण कान सुधारतोय.

तारांचं गणितही करून बघितलं. स्ट्रॅटवर ९चा सेट आहे, म्हणजे सर्वात बारीक तार ०.००९ इंच जाडीची. एसजीवर १०चा लावला तर बारीक तारेचा ताण स्ट्रॅटपेक्षा साधारण १६ टक्के जास्त होतो, ९.५ लावला तर ५ टक्के. दोन्ही गिटारी आलटून-पालटून वाजवायच्या असल्याने ९.५ लावला. ज्यांना मुद्दाम वेगळा हात हवाय त्यांनी खुशाल १० लावावा.

एसजीची एक खोड: सोडली की मान टाकते. बॉडी पातळ नि हलकी, पट्ट्याचं पुढचं बटण नेकच्या मुळाशी, त्यामुळे हेडस्टॉक (खुंट्यांचा शेंडा) जमिनीकडे जातो. गुळगुळीत नायलॉन पट्ट्याऐवजी आतून खडबडीत असलेला चामड्याचा रुंद पट्टा घेतला, बरंच भागलं.

राहता राहिलं वायरिंग. व्हॉल्यूम कमी केला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. यावर ५०च्या दशकातली जोडणी करायची आहे: टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) इनपुटवरून काढून आउटपुटच्या पायाला जोडायचा. मग व्हॉल्यूम उतरवताना वरचे सूर एवढे मरत नाहीत. तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणलेत, किंमत चहाइतकी. शनिवारी सोल्डरिंग. कोणी हे करणार असेल तर नॉब स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. सुती रुमालाची कड नॉबखाली सरकवून, दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढा.