दहा हजार डॉलरचा परवाना

विद्यापीठातील संशोधन उद्योगाकडे कसे जाते, हा विषय निघाला की मला सामंजस्य करारांपेक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शोध परवान्याने उद्योगांना देण्याचे काम पाहणाऱ्या नील्स रायमर्स यांची आठवण होते. १९७४ साली त्यांच्या हाती वर्तमानपत्रातील एक बातमी आली. स्टॅनफर्डचेच स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्को शाखेचे हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्यात घालून वाढवण्याची रीत शोधली होती. रायमर्स यांनी पेटंटचा विषय काढला, तेव्हा कोहेन यांनीच आढेवेढे घेतले, कारण हे काम अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या संशोधनावर उभे होते. शोधनिबंध नोव्हेंबर १९७३मध्येच प्रसिद्ध झाल्याने परदेशी पेटंटचे दार बंद झाले होते. अमेरिकेत मात्र वर्षभराची सवलत होती आणि ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना अर्ज दाखल झाला. पहिले पेटंट मिळायला डिसेंबर १९८० उजाडले.

खरे कसब त्यानंतरचे आहे. एखाद्या बड्या कंपनीला अनन्य हक्क देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु स्टॅनफर्डने तो परवाना मागेल त्या कंपनीला द्यायचे ठरवले. सुरुवातीला दहा हजार डॉलर, पुढे दरवर्षी तेवढेच, आणि माल विकला गेला तर माफक स्वामित्वधन. न्यायालयात भांडण्यापेक्षा पैसे भरणे स्वस्त पडावे, असा हा दर होता. ना-नफा संशोधन करणाऱ्यांना परवान्याची गरजच ठेवली नाही. पहिल्याच फेरीत ७३ कंपन्यांनी सह्या केल्या, १९९७मध्ये पेटंट संपेपर्यंत हा आकडा ४६८वर गेला, आणि दोन्ही विद्यापीठांच्या वाट्याला मिळून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर आले.

अर्थात, असा शोध दर पिढीत लागत नाही आणि विद्यापीठांचे शोध उद्योगांकडे पोहोचवणाऱ्या बहुतेक हस्तांतरण कक्षांना आपला खर्चही भरून काढता येत नाही. आपल्याकडे सार्वजनिक निधीतील संशोधनाच्या हक्कांविषयीचे विधेयक २००८मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि २०१४मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे प्रत्येक संस्था आपापली नियमावली करते. मी ज्या समितीवर आहे, तिच्या मसुद्यात एकाच कंपनीला अनन्य हक्क देण्याचे कलम पहिल्या पानावर आहे, आणि ते कोणी घातले याचे उत्तर मागच्या तीन बैठकांत मिळालेले नाही. पुढच्या बैठकीला मी रायमर्स यांचे दरपत्रक घेऊन जाणार आहे.