त्सागान सार : आजीचं घर ठरल्याशिवाय मंगोलियाला जाऊ नका

आधी तारखेचं. आमच्या एजंटने 'मंगोलियातला ज्येष्ठांना मान देण्याचा सण' म्हणून २९ जानेवारी २०२५चं बुकिंग पुढे केलं होतं. ते चिनी नववर्ष! त्सागान सार, म्हणजे मंगोलियन नववर्ष, त्या वर्षी १ मार्चला होता. दोघांचं पंचांग वेगळं, आपल्या अधिकमासासारखा कधी अख्ख्या महिन्याचा फरक पडतो. तारीख स्वतः तपासा.

त्याने मिरवणुका आणि कुस्त्यांची मैदानंही कबूल केली होती. तो थाट जुलैतल्या नादाम या खेळांच्या उत्सवाचा. त्सागान सार घरात होतो, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर. पहिल्या दिवशी राजधानी उलानबातरमधली बहुतेक दुकानं बंद. ओळखीचं घर नसेल तर या दिवसांत जाऊच नका. माझ्या मित्राची आजी खारखोरिनपलीकडे राहते, म्हणून माझं निभावलं.

उलानबातरचा विमानतळ शहरापासून साधारण ५० किलोमीटर. बाहेर उभ्या टॅक्सीवाल्याने माझ्याकडून ३ लाख तुग्रुग उकळले; परतताना ॲपवरून बोलावलेल्या गाडीने तेच अंतर १ लाखात कापलं. दारातल्या गाडीत बसू नका.

खारखोरिनपर्यंत डांबरी रस्ता आहे. एर्देने झू मठ बघून घ्या, काही अडचण येत नाही. खरी परीक्षा पुढच्या २२ किलोमीटरची. फुर्गोन, म्हणजे जुनी रशियन व्हॅन. हीटर बंद, बाहेर उणे २६. बर्फात चाक दोनदा रुतलं, आम्ही उतरून ढकललं. तीन तास लागले. पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. ट्रेकचे बूट तिथे कुचकामी, दोन नंबर मोठे लोकरी अस्तराचे बूट घ्या. दिवस मावळायच्या आत पोहोचता येत नसेल तर निघूच नका.

गेरमध्ये, म्हणजे तिथल्या गोल तंबूघरात, शिरलो तेव्हा मित्राची आजी समोर बसल्या होत्या. वय ८४. मी सवयीने पायाला हात लावायला वाकलो, मित्राने दंड धरून थांबवलं. तिथली रीत अशी: टोपी डोक्यावरच ठेवायची, बाह्या खाली ओढायच्या, दोन्ही हात पुढे करून तळवे वर, आणि वडीलधाऱ्यांच्या कोपरांना खालून आधार द्यायचा. 'अमार बाइना ऊ' म्हणायचं. याला झोलगोख म्हणतात. नवरा-बायको एकमेकांशी झोलगोख करत नाहीत. आजींनी हातांचा सगळा भार माझ्या हातांवर टाकला, माझा गाल हुंगला. मला माझ्या आजीची आठवण येऊन भरून आलं. एवढ्यासाठी ते २२ किलोमीटर मी उद्या पुन्हा जाईन.

हदाग, म्हणजे निळं रेशमी वस्त्र, शहरातूनच घ्या आणि दोन्ही हातांनी द्या. ताटात उल बोव या लांबट पावांची चळत असते, थर नेहमी विषम: आजी-आजोबांकडे ७, आई-वडिलांकडे ५, नव्या जोडप्याकडे ३. सुख-दुःखाचे थर आलटून-पालटून येतात, म्हणून पहिला आणि शेवटचा सुखाचाच.

शाकाहाऱ्यांनी स्पष्ट ऐकावं: बूझ म्हणजे मटणाचे मोदक, ते प्रत्येक घरात पुढे येतात. दुधाचा खारट चहा आणि बोव यांवर दोन दिवस काढता येतात, पण सोबत दशम्या ठेवा. आणि एका दिवसात तीनच घरं करा. सहाव्या घरी मला घास गिळवेना आणि वाढणाऱ्या मावशींचा चेहरा उतरला, ते अजून मनाला लागून आहे.

निघताना आजींनी उंटाच्या लोकरीचे मोजे माझ्या हातात ठेवले. परतीच्या फुर्गोनमध्ये तेच घातले, बोटं शाबूत राहिली.