तुम्ही विचारलंत म्हणून: इरिमो म्हणजे गोरा साहेब का?

गिकुयू लोककथांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: केनियातल्या गिकुयू लोकांच्या या कथांमधला नरभक्षक इरिमो म्हणजे ब्रिटिश राजवटीचं प्रतीक ना? नाही. तो त्या राजवटीहून जुना आहे. गोरा माणूस त्याच्या साच्यात नंतर बसवला गेला, आणि चपखल बसला, ही गोष्ट वेगळी.

इरिमोची खूण म्हणजे त्याची दोन तोंडं. एक पुढे, चारचौघांसारखं. दुसरं डोक्यामागे, केसांखाली झाकलेलं. पुढच्यानं गोड बोलायचं, मागच्यानं गिळायचं. नाचाच्या जागी देखणा तरुण होऊन तो येतो आणि ओळखीपाळखीची सगळी मुलं नाकारणारी मुलगी त्याच्यामागे जाते. या कथांचा रोख उघड आहे: ज्याचं कुळ कुणाला ठाऊक नाही, त्याच्याशी लग्न करू नका. मला स्वतःला हा प्रकार थोडा उपदेशी वाटतो.

लोहाराची कथा मात्र त्याहून फार सरस. लोहार दूर भट्टीवर गेलेला. घरी बायको बाळंत होते आणि सुईण म्हणून हजर होतो इरिमो! बाळंतपण करतो, रांधतोही. मग अन्न तिच्यापुढे धरून म्हणतो, ‘घे. नको? बरं, मीच खातो.’ ती खंगत जाते. उन्हात एरंडाच्या बिया वाळत घातलेल्या असतात. त्या टिपायला आलेल्या पक्ष्याशी ती सौदा करते: बिया खा, पण निरोप पोचव. पक्षी भट्टीजवळ जाऊन गातो: लोहारा, हात उचल, तुझी बायको बाळंत झाली, बाळंतपण इरिमोनं केलं. प्रत्येक ओळीमागे ‘शांगराराएशा’ हे पालुपद. लोहार परततो, दबा धरून बसतो आणि इरिमोला मारतो.

इथं इरिमो बाईला खात नाही. तिच्या वाटणीचं खातो, तेही सेवेचं नाटक करून. पक्षीसुद्धा खातोच, पण खाल्ल्याचं काम करतो. सगळी कथा या फरकावर उभी आहे. एरंडही उगाच आलेला नाही. एरंडेल अंगाला लावण्याची गिकुयूंची जुनी रीत होती, म्हणजे निरोपाच्या बदल्यात बायको घरातली कामाची वस्तू मोजून देते. म्हणून कुठलीही इरिमोकथा वाचताना त्याची शिंगं-नखं सोडा. कोण राबतं, कोण खातं आणि घरचा माणूस कुठे आहे, एवढं बघा.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी तुरुंगात टॉयलेट पेपरवर लिहिलेल्या आणि 1980 मध्ये गिकुयूत आलेल्या कादंबरीतही इरिमो शेतकऱ्याच्या पाठीवर बसून त्याचं पिकवलेलं खातो. तिथं निशाण्यावर स्वतंत्र केनियातले देशी धनदांडगेही आहेत. निव्वळ ‘गोरा साहेब’ हा अर्थ तिथंच तोकडा पडतो.

छापील कथांत एक घोटाळा नेहमी होतो. मूळ सांगणं संध्याकाळचं, चुलीजवळचं: सांगणारी म्हणणार ‘ओगा इथा’, ऐकणारे म्हणणार ‘इथा’, मग कथा सुरू. संपादक हे गाळतात आणि पक्ष्याचं गाणं एकदाच छापतात. पण लोहार पहिल्या हाकेला लक्ष देत नाही. पक्ष्याला पुन्हा पुन्हा गावं लागतं. गाणं एकदाच आलं की लोहार लगेच निघतो आणि बाईचा उपास दोन ओळींत उरकतो. मोठ्यानं वाचणार असाल तर गाणं निदान तीनदा म्हणा, आणि पालुपद ऐकणाऱ्यांवर सोडा.