टिपणीची दोन पानं

सरकार बदललं की बाहेरच्यांना शपथविधी दिसतो. मंत्रालयात आम्ही कक्ष अधिकारी त्या दिवशी संचलन नोंदवही घेऊन बसतो. कुठली नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाईल, मंत्र्यांच्या दालनात गेली आणि परत आली नाही, ते शोधायला. माझ्या यादीत १९ होत्या. १८ दालनाच्या कपाटात मिळाल्या. उरलेली "बंगल्यावर असेल", असं स्वीय सहायक म्हणाले.

मलबार हिलच्या बंगल्यासमोर टेम्पो लागला होता. खोक्यांवर मार्करने लिहिलेलं : 'साहेब – खासगी'.

"दादा, खोकी उघडावी लागतील," मी स्वीय सहायकांना म्हटलं.

"मॅडम, साहेबांची कागदं आहेत ती."

इतकी वर्षं मंत्री आस्थापनेवर काढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, याचा मला फार राग येतो. नस्ती खात्याची असते. साहेब जातात, ती राहते. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसऱ्या खोक्यात, सत्काराच्या शालींखाली ती सापडली. शाळेच्या मैदानाची जागा एका संस्थेला देण्याचं प्रकरण. मी पोर्चमध्येच पानं मोजली. पत्रव्यवहार विभाग, म्हणजे आलेली-गेलेली पत्रं, पूर्ण. टिपणी विभागात (टि.वि.), म्हणजे अधिकाऱ्यांचे अभिप्राय असतात त्या भागात, १६ नंतर थेट १९, आणि १९ वर साहेबांचं 'मान्य'. टॅगच्या भोकाशी कागदाचा नखाएवढा तुकडा अडकला होता.

१७ वर माझा अभिप्राय होता : मैदानाचं आरक्षण बदलल्याशिवाय जागा देता येणार नाही. १८ वर सचिवांनी हाताने लिहिलेलं 'सहमत'.

२१ जून २०१२ च्या मंत्रालयातल्या आगीनंतर मी लिपिक असताना जळालेल्या नस्त्या पुन्हा बांधल्या आहेत. पत्रं मिळतात; अर्जदाराकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात, कुठेतरी स्थळप्रत असतेच. टिपणीची प्रत मात्र कोणाकडे नसते. कोणी विरोध केला, कोणी नाही, ते फक्त त्या एका कागदावर. ही नस्ती कागदीच होती. माझ्या संगणकात मसुदा आहे, पण त्यावर ना माझी सही, ना सचिवांची.

पोचपावतीवर मी लिहिलं, 'पृ. १७, १८/टि.वि. आढळून आली नाहीत.' स्वीय सहायकांनी सही केली नाही. "मिळाली ना नस्ती, न्या आता," म्हणाले. मी नेली. तिथेच थांबून वरिष्ठांना बोलवायला हवं होतं, पंचनामा करायला हवा होता. टेम्पो सुटू द्यायला नको होता. रोज लोकलमध्ये हेच मनात येतं.

अहवाल दिला, तो पृष्ठ २० म्हणून लावला. काल नव्या मंत्र्यांच्या दालनाने नस्ती मागवली. पाठवण्याआधी पानन्‌पान झेरॉक्स केलं आणि नोंदवहीत लिहिलं : टि.वि. पृ. १ ते १६, १९, २०. न्यायला आलेल्या शिपायाला थांबवलं, त्याच्यासमोर पानं मोजली, मगच सही घेतली.